यूटी२१०ई डीसी क्लॅम्प मीटर: जुन्या डिझेल गाडीची बॅटरी अधूनमधून कोण खातं, ते पकडण्यासाठी

गाडी चार दिवस व्यवस्थित सुरू होते. पाचव्या दिवशी सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट. बॅटरी चार्ज करून बसवली की पुन्हा आठवडाभर तक्रार नाही. वायरमनकडे नेली तर त्याच्यासमोर सगळं ठीक, म्हणून तो बॅटरी बदलायला सांगतो. नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच बसते. दहा-पंधरा वर्षं जुन्या डिझेल गाड्यांमधली ही सगळ्यात चिवट तक्रार आहे. चिवट यासाठी की करंटची गळती सतत चालू नसते. कधी असते, कधी नसते, आणि शोधायला बसलं की नेमकी नसते.

युनि-टी कंपनीचा यूटी२१०ई हा छोटा क्लॅम्प मीटर (वायर न सोडता तिच्याभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा) या कामासाठी बरेच जण घेतात. या कामाला तो कितपत पुरतो, कुठे कमी पडतो आणि त्याचा आकडा कसा वाचायचा, एवढंच इथे पाहायचं आहे. घरातल्या वायरिंगसाठी तो कसा आहे, हा वेगळा विषय.

आधी या कामाला क्लॅम्पच का हवा ते पाहू. गळती मोजायची प्रचलित पद्धत म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि टर्मिनल व वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर लावायचा. सतत चालू असलेली गळती अशी सापडते. पण अधूनमधून होणारी गळती याच पद्धतीने हातची जाते. चिकटून बसलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) वायर सोडताच सुटतो. झोपायला विसरलेला कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा संगणक) वीज तुटल्यावर रीसेट होतो आणि पुन्हा जोडल्यावर शहाण्यासारखा झोपतो. म्हणजे तपासणीची पहिली कृतीच पुरावा पुसून टाकते. शिवाय मीटर मध्ये असताना कोणी चुकून दार उघडलं किंवा चावी फिरवली, तर हीटर प्लगचा (थंड डिझेल इंजिन तापवणाऱ्या प्लगचा) करंट मीटरमधून जायला बघतो आणि १० अँपचा फ्यूज जातो.

काही गॅरेजमध्ये टर्मिनल वायरवर टेकवून ठिणगी उडते का, एवढंच पाहतात. त्यावर अजिबात विसंबू नका. स्टिरिओ आणि कंट्रोल युनिटमधले कपॅसिटर चार्ज होताना निरोगी गाडीतही ठिणगी उडते.

क्लॅम्प वायरीभोवती बसतो, काहीही सोडावं लागत नाही. गाडी रात्रभर ज्या अवस्थेत उभी होती त्याच अवस्थेत करंट मोजता येतो. यूटी२१०ईचं खरं मोल इथे आहे.

त्याच्या डायलवर करंटच्या तीन रेंज आहेत: २, २० आणि १०० अँप. २ अँपच्या रेंजवर तो १ मिलीअँपपर्यंत आकडा दाखवतो, आणि आपल्याला हवी ती हीच रेंज. जबडा १७ मिलिमीटर उघडतो आणि टोकाला निमुळता आहे, त्यामुळे बॅटरी टर्मिनलच्या गर्दीतही शिरतो. आत दोन ट्रिपल-ए सेल लागतात. घेताना मॉडेलच्या शेवटच्या अक्षराकडे नीट लक्ष द्या. यूटी२१० ए, बी आणि सी फक्त एसी करंट (घरच्या विजेसारखा) मोजतात, म्हणजे डीसीवर चालणाऱ्या गाडीच्या कामाचे नाहीत. डी हा डीसी मोजतो, पण १० मिलीअँपच्या पायरीने, त्यामुळे बारीक गळतीत चाचपडायला लावतो. ई हवा. इलेक्ट्रिकच्या दुकानात सर्रास मिळणारा डीटी-२६६ सारखा मोठा क्लॅम्पही करंटच्या बाबतीत एसीपुरताच आहे. त्यात बॅटरीची वायर घातली तर तो शून्य दाखवेल आणि गळती नाही असा गैरसमज होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचा दोष. आकडा १ मिलीअँपपर्यंत दिसतो याचा अर्थ तो १ मिलीअँपपर्यंत खरा आहे असा नाही. जबड्यातला हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो आणि पृथ्वीचं क्षेत्रही त्याला जाणवतं. जबडा रिकामा ठेवून झिरो बटण दाबा आणि मीटर हातात धरून जागच्या जागी गोल फिरवा. वायर नसतानाही आकडा हलताना दिसेल. म्हणून पद्धत अशी: मीटर ज्या दिशेने वायरीवर बसणार आहे, त्याच दिशेने वायरीशेजारी धरायचा, जबडा रिकामा आणि पूर्ण मिटलेला, स्क्रीनवर डीसीची खूण आहे याची खात्री करायची, झिरो करायचं आणि हात न वळवता वायर जबड्यात घ्यायची. तासाभराने मीटर काढून पुन्हा शून्य पाहायचं, कारण आकडा आपोआपही सरकतो. एवढी काळजी घेतली तरी शेवटच्या दहा-पंधरा मिलीअँपवर भांडू नये. आपण शोधत असलेली गळती त्याच्या कितीतरी पट असते, म्हणून हा दोष चालवून घेता येतो.

मीटर खरं बोलतो की नाही, हे गाडीतच तपासता येतं. आतला छतावरचा दिवा साधा ५ वॅटचा असेल तर तो लावल्यावर आकडा साधारण ०.४ अँपने वाढला पाहिजे. एलईडी बसवली असेल तर हा हिशेब लागू नाही.

वायर कुठली धरायची, यात बरेच जण चुकतात. निगेटिव्ह टर्मिनलवरून बहुतेक गाड्यांत एकापेक्षा जास्त वायरी निघतात: एक जाड गिअरबॉक्सकडे, एक बारीक बॉडीकडे, आणि जुन्या गाडीत कोणीतरी नंतर जोडलेली तिसरीही. एकच धरली तर अर्धीच गोष्ट कळते. सगळ्या एकत्र जबड्यात मावत असतील तर उत्तम. नसतील तर एकेकीचा आकडा घेऊन चिन्हासकट बेरीज करा. पॉझिटिव्हकडे गर्दी जास्त असते, म्हणून सुरुवात निगेटिव्हपासून.

मोजणीची तयारी आदल्या संध्याकाळी करावी. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. चार्जरवरून काढून काही तास थांबल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, १२.० म्हणजे जेमतेम पाव उरलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त असल्याने कमजोर बॅटरी पेट्रोल गाडीत चालून जाते, इथे नाही. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. बॅटरीचा माथाही पाहा. पावसाळ्यात त्यावर ॲसिड, धूळ आणि ओल यांचा थर बसला की त्यातूनच करंट वाहतो. मीटरची काळी पिन निगेटिव्हवर आणि लाल पिन प्लॅस्टिकच्या माथ्यावर टेकवून व्होल्टेज दिसलं, तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून माथा धुऊन, पुसून कोरडा करा. झाकणं मात्र घट्ट लावलेली असू द्या, सोडा सेलमध्ये जाता कामा नये.

मग बॉनेट उघडं ठेवा, ड्रायव्हरकडची काच खाली घ्या, दारं उघडी ठेवून त्यांची कुलपं स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला दारं बंद वाटतील. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून ठेवा. रिमोट असेल तर घरात नेऊन ठेवा. दार लावण्याआधी हँडल ओढून कुलूप पुन्हा सोडायला विसरू नका, नाहीतर दार आपटून कुलूप तुटतं. गाडी बंद करून किमान अर्धा तास थांबा. कॉमन रेल इंजिनांमध्ये चावी काढल्यावरही इंजिनाचा मेन रिले थोडा वेळ धरलेला असतो. तो करंट गळती नाही.

अर्ध्या तासानंतर आकडा ५० मिलीअँपच्या आत असेल तर त्या क्षणी गाडी निरोगी आहे. त्या क्षणी, एवढंच. अधूनमधून होणाऱ्या गळतीत खरी मोजणी इथून पुढे सुरू होते, आणि इथेच यूटी२१०ई उघडा पडतो. त्यात कमाल-किमान नोंद ठेवायची सोय नाही, साठवणही नाही. रात्री दोन वाजता एखादा रिले चिकटला तर सकाळी मीटर ते सांगणार नाही. वर तो काही मिनिटांनी आपोआप बंद होतो. सिलेक्ट बटण दाबून धरून डायल फिरवली तर हे आपोआप बंद होणं रद्द होतं. नवे सेल घालून, मीटर वायरीवर ठेवून, समोर जुना मोबाइल टाइमलॅप्सवर लावायचा आणि स्क्रीनवर वेगळ्या टॉर्चचा प्रकाश पाडायचा, हा यावरचा उपाय. जुगाड आहे, पण काम करतो: सकाळी चित्रफीत पळवत पाहिली की आकडा किती वाजता उसळला आणि कितीवर गेला, दोन्ही कळतं. याच्या जोडीला बॅटरीवर कायम बसणारा ब्लूटूथ व्होल्टेज मॉनिटर असेल तर आणखी चांगलं. तो करंट सांगत नाही, पण व्होल्टेजचा आलेख ठेवतो, त्यामुळे कुठल्या रात्री पाळत ठेवायची ते ठरवता येतं.

आता आकडा वाचणं. मीटरचा खरा फायदा इथे वसूल होतो, कारण करंटचा आकडाच बहुतेक वेळा चोराचं नाव सांगतो.

०.१२ ते ०.१६ अँप दिसला तर एक रिले ओढलेला आहे. साध्या १२ व्होल्ट रिलेच्या कॉइलचा रोध ८० ते १०० ओहमच्या घरात असतो, त्यावरून हा आकडा येतो. अशा वेळी फ्यूज उपसत बसू नका, बोटं वापरा. रात्रभर थंड पडलेल्या गाडीत ओढलेला रिले हाताला कोमट लागतो, बाकीचे गार. हा करंट दिवसाला साडेतीन एएच (अँपिअर-अवर, बॅटरीतल्या साठ्याचं माप) खातो, म्हणजे ६५ एएचची बॅटरी अर्धी व्हायला नऊ दिवस. आठवड्याची सुट्टी संपवून आल्यावर गाडी सुरू होत नाही, एरवी होते, अशा तक्रारीत हा आकडा हमखास भेटतो. रिले नुसता ओढलेला नसून त्याच्यामागचं उपकरणही चालू असेल तर आकडा अर्थातच वाढतो.

०.४ अँप म्हणजे ५ वॅटचा एक दिवा: डिकीचा, ग्लोव्ह बॉक्सचा किंवा दाराचा. साडेतीन दिवसांत बॅटरी अर्धी. डिकीचा दिवा लागलेला आहे का हे दार बंद असताना दिसत नाही, म्हणून मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि दार लावा. दाराचा स्विच गंजला किंवा त्याचं रबर फाटलं की पावसाळ्यात गळती आणि उन्हाळ्यात काही नाही, असं घडतं. गळतीला ऋतू असेल तर पहिला संशय दारांवर आणि गालिच्याखालच्या ओल्या वायरिंगवर.

०.२ ते ०.५ अँप, पण आकडा स्थिर नाही, थरथरतो: स्टिरिओ किंवा ॲम्प्लिफायर. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओची पिवळी वायर कायम विजेसाठी आणि लाल चावीसाठी असते. चावी न लावता गाणी ऐकता यावीत म्हणून या दोन्ही एकत्र पिळून टाकण्याची पद्धत आहे. मग स्टिरिओ बटणाने बंद केला नाही, तर तो आणि त्याच्या निळ्या वायरीने जागा होणारा ॲम्प्लिफायर रात्रभर जागे राहतात. ज्या दिवशी बटण दाबलं त्या दिवशी गळती नाही, विसरलं त्या दिवशी आहे. जीपीएस ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेरा, बाहेरचं सेंट्रल लॉकिंग यांच्या बारीक वायरी तपासताना एक युक्ती वापरा: वायरीला ढील असेल तर तिचे पाच वेढे जबड्यातून घ्या. आकडा पाचपट येतो, त्याला पाचने भागा. २० मिलीअँपचे १०० दिसतात आणि सेन्सरची चूक झाकली जाते.

साडेतीन अँपच्या आसपास म्हणजे दोन्ही ब्रेक दिवे, २१-२१ वॅटचे. २ अँपची रेंज इथे संपते, २० वर जा. ब्रेक पेडलच्या स्विचसमोर रबराची छोटी गुंडी असते. ती वयाने ठिसूळ होऊन पडली की स्विच सुटलेलाच राहतो. अनेक गाड्यांत ब्रेक दिव्यांना चावीशिवाय वीज मिळते, त्यामुळे दहा तासांत ३५ एएच गेले. पेडलखाली गालिच्यावर रबराचे तुकडे सापडले तर आणखी शोधायची गरज नाही.

दोन ते चार अँप आणि एकही दिवा लागलेला नाही: अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. चावी काढलेली असताना लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. जोराने खेचलं गेलं तर रोटरमध्ये (आतल्या फिरत्या भागात) करंट चालू आहे, म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर किंवा त्याला वीज देणारा रिले बिघडला. अल्टरनेटरमधल्या डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची) गळती यापेक्षा लबाड. इंजिन गरम असताना डायोड गळतो, थंड झाल्यावर सुधारतो. म्हणून अल्टरनेटरच्या जाड वायरीवर क्लॅम्प लांब फेरीनंतर गाडी बंद केल्याबरोबर लावा आणि पुन्हा दोन तासांनी. गरम असताना शंभर-दोनशे मिलीअँप उलटे वाहत असतील आणि नंतर जवळपास शून्य, तर निदान झालं. दुसरा पुरावा म्हणजे इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजणं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोडचा पूल शंकास्पद. इंडिका, सुमो, जुनी बोलेरो अशा गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. त्याचं सील गेलं की इंजिन ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं आणि कार्बन ब्रशची काळी लुगदी होते. अल्टरनेटरच्या तळाशी तेलाचा ओघळ दिसला तर पंपाचं सील न बदलता नुसता अल्टरनेटर भरून घेणं म्हणजे पैसे वाया.

आणि ४० अँपच्या वर: हीटर प्लगचा रिले चिकटला. थंडीत सकाळी इंजिन सुरू होण्यासाठी चारही प्लग काही सेकंद तापतात, मग रिलेने त्यांना सोडायचं असतं. संपर्कबिंदू जळून चिकटले तर पूर्ण बॅटरी तास-दीड तासात रिकामी. हे अधूनमधून होतं आणि मागे फसवा पुरावा ठेवतं: सतत तापून प्लग जळतात, जळाले की त्यांच्यातून करंट जात नाही, म्हणून गळती आपोआप थांबते आणि तक्रार बदलते, बॅटरी ठीक, पण गाडी थंडीत सुरू होत नाही. नुसते प्लग बदलले की गळती परत येते. प्लग बदलताना रिलेही बदला. या तपासणीत क्लॅम्प १०० अँपच्या रेंजवर, प्लगच्या मुख्य वायरीवर, चावी काढून दहा मिनिटांनी. प्लग नुकतेच चालू झाले असताना करंट १०० च्या वर उसळू शकतो आणि मीटर ओव्हरलोड दाखवतो, त्यात काळजीचं काही नाही. सेल्फचा करंट मात्र या मीटरने मोजायला जाऊ नका. डिझेलचा स्टार्टर दोनशे-तीनशे अँप सहज ओढतो. त्यासाठी ४०० किंवा ६०० अँपचा क्लॅम्प लागतो. जबडा वायरीवर असताना चुकून सेल्फ मारला गेला, तर तो दोन-चार वेळा उघडमीट करून पुन्हा झिरो करा, कारण गाभ्यात चुंबकत्व शिल्लक राहतं.

गळती आहे हे कळलं, पण आकड्यावरून नाव कळलं नाही, तर फ्यूजकडे वळा. तेही न उपसता. फ्यूज काढला की पुन्हा तोच धोका, रीसेटचा. ब्लेड फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे धातूचे ठिपके असतात. तिथे साध्या मल्टिमीटरच्या पिना टेकवून मिलिव्होल्ट मोजा. यासाठी महागडं काही लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातला पिवळा डीटी-८३० त्याच्या २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ०.१ मिलिव्होल्ट दाखवतो. १० अँपच्या फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहम असतो, म्हणून ०.३ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ४० मिलीअँप, ३ मिलिव्होल्ट म्हणजे ४०० च्या आसपास. जास्त अँपच्या फ्यूजचा रोध कमी, त्यामुळे ३० अँपच्या फ्यूजवर तेवढाच करंट जेमतेम एखादा मिलिव्होल्ट दाखवेल. सगळे फ्यूज शून्य दाखवत असतील आणि क्लॅम्पवर करंट असेल, तर चोर फ्यूज बॉक्सच्या आधीच आहे: अल्टरनेटर, स्टार्टरची वायर, हीटर प्लग, किंवा कोणीतरी थेट बॅटरीवरून घेतलेली वायर. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंगही याच टप्प्यात पाहावं, विशेषतः इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ.

एकच गाडी असेल आणि गळती दररोज होत असेल, तर हा मीटर घेण्याची गरज नाही. पिवळा मल्टिमीटर आणि फ्यूजची पद्धत पुरेशी आहे. गळती लहरी असेल, किंवा घरात दोन जुन्या गाड्या असतील, तर यूटी२१०ई घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. गॅरेजवाल्यांनी मात्र कमाल-किमान नोंद ठेवणाऱ्या क्लॅम्पवर जास्त पैसे घालावेत; गिऱ्हाइकाच्या गाडीसमोर रात्रभर मोबाइल लावून ठेवणं रोजच्या धंद्यात जमणारं नाही.

दुकानातून घेताना तिथेच खोका उघडून पाहा. जबड्याची दोन्ही टोकं मिटल्यावर फट न राहता बसली पाहिजेत. तिथे कचरा किंवा फट असेल तर आकडा कमी येतो. जवळच्या बॅटरीवाल्याकडून १२ व्होल्टची बॅटरी आणि ५ वॅटचा बल्ब मागा, एकच वायर जबड्यात घ्या, आणि २ अँपच्या रेंजवर ०.४ च्या आसपास आकडा आला, वायर जबड्यात उलटी घातल्यावर तोच आकडा वजा चिन्हासह आला, तरच पैसे द्या.